माकड म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही

प्रिय आई,

तुला जाऊन चार महिने झाले आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. रोज डायरी लिहिणारी मी! डायरीत तुझ्याबद्दल पानंच्या पानं लिहिली, पण तुला उद्देशून काही लिहायचा धीर झाला नाही. आज लिहायला बसले, कारण गेल्या शनिवारी मला लिन बाई भेटल्या. त्यांनी सांगितलेली गोष्ट आठवडाभर मी कुणालाच सांगितलेली नाही. इरा दुपारी चारला कामावरून घरी येईल. ती गोष्ट तिला सांगायची आहे, आणि मला भीती वाटते. म्हणून आधी तुला सांगते. खरं तर तुला सगळं माहीतच होतं. माहीत नव्हतं ते मला.

तू मिरज सोडून इकडे परदेशात आलीस तेव्हा टूनगॅबीचं आमचं घर तुला फार गप्प वाटलं, आठवतं? मंदार ऑफिसला, मी वेस्टमीडला लॅबमध्ये, इरा शाळेत. मिरजेला तुझ्या शिवणक्लासात दिवसभर मशीनं खडखडायची, दहा मुली एकदम बोलायच्या. इथे तू फ्रिजचा आवाज ऐकत बसायचीस. मग एका सकाळी तुला पार्कात चिनी आजी-आजोबांचा घोळका दिसला आणि तू सरळ जाऊन मागच्या रांगेत उभी राहिलीस. ना कुणाची ओळख, ना भाषेचा पत्ता! संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तेव्हा म्हणालीस, “वैजू, आज मी वाघ झाले.”

मी हसले. त्या दिवसाचं हसणं चांगलं होतं. वाईट हसणं नंतरचं.

त्या चिनी व्यायामात पाच प्राणी होते ना? वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि बगळा. शिकवणाऱ्या लिन बाई आधी प्राणी करून दाखवायच्या आणि मग स्वतःच्या अंगावर हात ठेवून तो कुठल्या अवयवासाठी ते सांगायच्या. तुमच्या दोघींच्या इंग्रजीची बेरीज केली तरी एक पूर्ण वाक्य झालं नसतं, पण तू सगळं शिकलीस. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत पोटासमोर हात धरून अस्वलासारखी कंबर फिरवायचीस. बगळ्यासारखी एका पायावर उभी राहून राहून तुझा तोल इतका सुधारला, की बाथरूममध्ये दांडीला धरायचं बंद झालं. आणि अस्वल सुरू केल्यापासून पोट कसं खळखळून साफ होतं, हे तू जेवणाच्या टेबलावर जावयासमोर जाहीर केलंस! मंदार बिचारा आमटीच्या वाटीत बघत राहिला. इराला हसून हसून ठसका लागला.

मला तुझं बरं वाटणं दिसत होतं. तरी मला ते खटकायचं. का? मी लॅबवाली ना. रोज शेकडो लोकांच्या रक्ताचे नमुने माझ्या हाताखालून जातात. हरणाच्या उड्यांनी मूत्रपिंड सुधारतं, हे माझ्या घरात कुणी म्हणू नये, असं मला वाटायचं. घरात कुणी म्हणू नये, की बाहेरच्या कुणी ऐकू नये? खरं उत्तर दुसरं आहे.

गणपतीत इथल्या मराठी मंडळातली माणसं दर्शनाला येणार होती. तू तुझ्या खाकी कागदावर, ज्यावर ब्लाउजचं कटिंग काढायचीस त्याच कागदावर, इराच्या स्केचपेनांनी पाचही प्राणी काढून फ्रिजवर लावले होते. प्रत्येकापासून एक बाण, बाणाच्या टोकाशी अवयव. मी तो कागद काढायला लागले.

“अगं, एकदा वाच तरी,” तू म्हणालीस. “वाघाचं यकृत...”

“आई, यकृत काय असतं ते मला नको शिकवूस.”

“तुला नाही गं शिकवत. मला पाठ व्हावं म्हणून लावलंय.”

“मग तुझ्या खोलीत लाव.”

मी कागदाची घडी घालून पिवळ्या झाकणाच्या, रद्दीच्या बिनमध्ये टाकला. तुझ्या खोलीत नेऊन ठेवायला दहा पावलं पडली असती. चित्रं मी पाहिली होती, वाघाच्या मिशासुद्धा आठवतात. बाण कुठे जातात ते वाचलं नाही.

त्याच संध्याकाळी मंडळातली एकजण प्रसाद खाता खाता म्हणाली, “तुझ्या आई पार्कात काय करत होत्या गं? खांदे अस्से कानाला लावून, डोळे मिचकावत?” सगळे हसले. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं, “रस्त्याच्या बाजूला नको उभी राहूस. मागे झाडांकडे उभी राहा.”

“मागेच असते मी,” तू म्हणालीस.

त्यानंतर त्या व्यायामाबद्दल तू घरात बोललीच नाहीस. जात मात्र राहिलीस. आणि प्राणी तुझ्या बोलण्यात राहिले. लेकीच्या घरी राहायचं, तर आपलं दुखणं-खुपणं सांगून तिच्या डोक्याला ताप द्यायचा नाही, हे तू येतानाच ठरवून आली होतीस. “मला बरं नाही” हे शब्द तुझ्या तोंडून मी ऐकलेच नाहीत. “आज अस्वल रुसलंय” म्हणून तू नुसतं ताक घ्यायचीस. ते मला कळायचं! अस्वल म्हणजे पोट, एवढं मला कळलं होतं. मग पुढचं का कळू नये?

कारण माकड आमच्या घरात आधीपासूनच होतं.

इरा दीड वर्षाची असताना मिरजेच्या घरात खिडकीच्या गजांना लोंबकळली, तेव्हापासून ती तुझं माकड. फोनवर पहिला प्रश्न, “माझं माकड काय करतंय?” सतरा वर्षांची घोडी झाली तरी तू तिला तशीच हाक मारायचीस आणि ती ओ द्यायची. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिने खोलीचं दार आपटलं असतं.

आता डायरीतल्या तीन नोंदी लिहिते. एक शब्द बदलत नाही.

पहिली: “आई म्हणाली, माकड फार उड्या मारतंय हल्ली. इराचं एचएससीचं वर्ष, आणि आईला तिचा दंगा सोसवत नाही बहुतेक. इराशी बोलायला हवं.”

दुसरी, पाच दिवसांनी: “आईला रात्री माकडाने झोपू दिलं नाही म्हणे. इरा फोनवर बोलत असणार. भिंत पातळ आहे. इराला रागावले.”

तिसरी, आणखी चार दिवसांनी: “आईने आज कमाल केली. म्हणाली, ‘माकड ऐकेनासं झालंय. लिन बाई म्हणाल्या, लेकीला सांग.’ म्हणजे माझ्या मुलीची तक्रार आता पार्कात! फार राग आला. बोलले.”

काय बोलले, ते मी डायरीत लिहिलं नाही. मला आठवतं. तू डाळ निवडत होतीस. मी म्हणाले, “आई, घरातल्या गोष्टी पार्कात कशाला सांगतेस? बारावी आहे हे. एवढे दोन-तीन आठवडे काढ. परीक्षा होऊ दे, मग बघते मी त्या माकडाकडे.”

तू मान वर करून माझ्याकडे पाहिलंस. मग “बरं” म्हणालीस. “बरोबर आहे तुझं. परीक्षा होऊ दे.”

मी ते तुझं समजूतदार वागणं समजले, आई!

इराला मी गाडीत गाठलं. मुलांना गाडीत बोलावं, त्यांना उठून जाता येत नाही, हे मला कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हणाले, “आजीला त्रास होतो तुझा. तीनदा सांगितलं तिने मला. वय झालंय तिचं, जरा कळायला हवं तुला.”

“व्हॉट डिड आय इव्हन डू?” इरा म्हणाली.

“ते तुझं तू बघ.”

तोपर्यंत पेपरांच्या मधल्या दिवसांत ती तुझ्या खोलीत, तुझ्या पलंगावर पुस्तकं पसरून अभ्यास करायची. तू तिला भुईमुगाच्या शेंगा सोलून द्यायचीस. गाडीतल्या त्या दिवसानंतर ती लायब्ररीत जाऊन बसायला लागली. सकाळी जायची, पाचनंतर यायची. तू विचारलंस, “माकड कुठंय? दिसत नाही.” मी म्हणाले, “अभ्यास करतंय.” बघ, तेव्हाही तू इराला माकडच म्हणालीस. एकच शब्द, दोन अर्थ. एवढ्या एका शब्दामागे लपायचा मी आठवडाभर प्रयत्न केला. आई असं बोलली म्हणून घोटाळा झाला, असं. पण तसं नाही. “कोण माकड?” एवढं विचारलं असतं, तर तू छातीवर हात ठेवला असतास.

तिचा शेवटचा पेपर तीन दिवसांवर असताना तू गेलीस. मंगळवार होता. मी पाच वाजता घरी आले. तू मागच्या दाराजवळच्या खुर्चीत होतीस. एक बूट काढलेला, एक पायातच. पार्कातून येऊन बसली असणार. म्हणजे सकाळपासून.

डॉक्टरांनी विचारलं, आधी काही तक्रार होती का? छातीत धडधड, काही? मी म्हणाले, “नाही. काहीच नाही.” मिरजेहून दादाचा फोन आला. “काही म्हणाली नव्हती का गं?” “नाही रे दादा. एकदम झालं.” मंडळात सगळ्यांना तेच सांगितलं. लोक म्हणाले, पुण्यवान, कुणाला त्रास दिला नाही. मी मान डोलावली. तेव्हा मला ते खरं वाटत होतं, हे खरं आहे. पण दिवसभर इतरांच्या हृदयाचे रिपोर्ट काढणाऱ्या बाईला आपल्या घरातलं हृदय ऐकू आलं नाही, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती. आली नाही. की आली होती आणि मी तिला आत येऊ दिलं नाही?

अंत्यविधीच्या वेळी इरा सगळ्यात मागे उभी होती. मंदार तिला म्हणाला, “आजीबद्दल दोन शब्द बोल, तू लाडकी होतीस.” ती म्हणाली, “आय डोन्ट थिंक शी’ड वॉन्ट मी टू.” मी हे वाक्य ऐकलं. रात्री डायरीत उतरवलं. पुढे लिहिलं, “मुलगी फार खचली आहे.” बस, एवढंच!

तुझं ते गटाचं जांभळं जाकीट परत करायला मला चार महिने लागले. गेल्या शनिवारी नेऊन दिलं. लिन बाईंनी ते छातीशी धरलं आणि मला बाकावर बसवलं.

“युवर मदर, गुड मंकी,” त्या म्हणाल्या. “बेस्ट मंकी.” आणि खांदे कानाशी नेऊन, मान आत ओढून, टाचा उचलून उंच होऊन त्यांनी तुझं माकड करून दाखवलं. मी हसले, चार महिन्यांत पहिल्यांदा. मग त्यांनी हात छातीच्या डाव्या बाजूला ठेवला. “मंकी, हार्ट. बट लास्ट मंथ, नो गुड. शी से, माय मंकी जंप, जंप.” आणि बोटांनी छातीवर उड्या मारून दाखवल्या.

आई, मला तिथे बसल्या जागी एकदम थंडी वाजायला लागली. फेब्रुवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात!

“आय से, टेल डॉटर,” त्या म्हणाल्या. “शी से, टोल्ड. आय से, डॉटर से व्हॉट? शी से, एक्झाम फिनिश, देन डॉक्टर.” मग माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या, “यू व्हेरी बिझी. शी नो अँग्री.”

तू सांगितलं होतंस. तू मला तीनदा सांगितलंस आणि तुझ्या समजुतीने मी तुला उत्तरही दिलं होतं: नातीची परीक्षा होऊ दे, मग तुझ्याकडे बघू. आणि ते तुला बरोबर वाटलं! लेकीने आपल्याला थांबायला सांगितलं आणि आपण थांबायचं, यात तुला काही वावगं दिसलं नाही? एकदा तरी माझ्यावर ओरडायचंस ना गं. वाघ होतीस ना तू?

हे वाक्य मी खोडलं होतं. पुन्हा लिहिलं, कारण हा राग खरा आहे. पण तो तुझ्यावर काढायचा मला हक्क नाही.

वेळेवर नेलं असतं तर वाचली असतीस का? मला माहीत नाही, आणि कुणाला विचारणारही नाही. उत्तर “नाही” असं आलं तर मला सुटल्यासारखं वाटेल, आणि तसं वाटायला नको आहे. शिवाय तुझं जाणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग इरा आहे. आजी आपल्याला कंटाळली होती, हे मनात धरून ती जगते आहे, आणि ते तिच्या मनात मी घातलं. तुझ्या शेवटच्या तीन आठवड्यांतून मी तिला उठवून बाहेर काढलं. तू तिची वाट बघत होतीस, आणि ती लायब्ररीत बसून आपलं काय चुकलं ते शोधत होती.

दार वाजलं. आली.

साडेसहा झालेत. सांगितलं तिला.

ती बेकरीच्या युनिफॉर्मवरच होती. हातात उरलेल्या पावांची पिशवी. मी म्हणाले, “इरा, बस. आजीबद्दल बोलायचंय.” तिचा चेहरा लगेच बंद झाला. मी सगळं सांगितलं. प्राणी, बाण, लिन बाई. सगळं ऐकून झाल्यावर ती बोलली.

“सो मंकी वॉजन्ट मी?”

“नाही. तिचं हृदय होतं.”

“शी वॉजन्ट सिक ऑफ मी.”

“कधीच नाही. तू दिसत नाहीस म्हणून मला विचारत होती.”

“पण तू म्हणालीस, आजीने सांगितलं. थ्री टाइम्स, तू म्हणालीस.”

“मी म्हणाले. चुकीचं होतं. तिने तुझ्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता.”

तिने पावांची पिशवी टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाली, “आय वॉज अ‍ॅट द लायब्ररी. दॅट डे. आय कुड’व्ह बीन होम.” आई, हा हिशोब तिने चार महिन्यांपूर्वीच मांडला होता. एकटीने.

मी म्हणाले, “तू गेली नव्हतीस. मी तुला घालवलं होतं. ते तुझं नाही, माझं आहे.”

“डोन्ट,” ती म्हणाली. “डोन्ट मेक मी फील बेटर, ओके? नॉट यू.”

आणि उठून मागच्या अंगणात गेली. मी मागे गेले नाही. खिडकीतून दिसत होती, पायरीवर बसलेली, गुडघ्यांत डोकं घालून. अर्ध्या तासाने आत आली. डोळे लाल. मला वाटलं, मला मिठी मारेल. कसली मी! अजूनही मला वाटलं, मला काहीतरी मिळेल. तिने विचारलं, “मामाला काय सांगितलंयस तू?”

“की तिने काही तक्रार केली नव्हती.”

“टेल हिम. आज. आणि नाइस व्हर्जन नको सांगू.” मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. “आजीला वाटलं असेल ना, की मी तिच्याशी बोलत नाही?”

“हो,” मी म्हणाले. खोटं बोलणं सोपं होतं. “वाटलं असेल. पण का, ते तिला माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं आणि मी तिला सांगितलं नाही.”

ती खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मिरजेत आता दुपारचा एक वाजला असेल. दादा जेवून उठला असेल. हे पत्र संपलं की त्याला फोन करते. लॅबची भाषा मधे घेणार नाही, बारावीचं कारण पुढे करणार नाही. आई तीनदा म्हणाली, मी तीनदा ऐकलं नाही, आणि इराला खोटं सांगितलं, एवढंच सांगेन, आणि तो जे बोलेल ते पूर्ण ऐकून घेईन. इरा कधी माझ्याशी नीट बोलेल, ते मी तिला विचारणार नाही. ती उद्या विचारो, वीस वर्षांनी विचारो, तिच्या मुलांसमोर विचारो, मी ही गोष्ट तिला दर वेळी हीच, अशीच सांगेन. माझी बाजू एका शब्दानेही न वाढवता. हा शब्द देते तुला.

तुझी,
वैजू